‘ताई, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का?’

प्रवेशांचा हंगाम आला की ज्युनिअर मंडळींचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, पीएचडीसाठी लॅपटॉप घेतोय, यावर लिनक्स चालेल ना?’ आणि खाली एक मॉडेल नंबर. पंधरा वर्षांपूर्वी याला ‘हो’ म्हणणं धाडसाचं होतं, आज बहुतेक वेळा ‘हो’च म्हणता येतं. पण मॉडेल नंबरवरून मला खरं तर काहीच सांगता येत नाही. चालेल की नाही हे लॅपटॉपच्या नावावर ठरत नाही, आतल्या चार-पाच चिपवर ठरतं. त्या कुठल्या आहेत हे तुमचं तुम्हाला शोधता येतं आणि अर्ध्या तासात तपासूनही बघता येतं. हार्डडिस्कला हातसुद्धा न लावता.

आधी, हा खटाटोप करायचाच कशाला? जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची ‘टॉप ५००’ ही यादी वर्षातून दोनदा येते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालतात. आयसर पुण्यातलं ‘परम ब्रह्म’ असो किंवा तुमच्या विभागातला कोपऱ्यात घरघरणारा छोटा क्लस्टर, तिथे लॉग-इन केलं की समोर लिनक्सच येणार. ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, बायोइन्फॉर्मॅटिक्सची बहुतेक टूल्स, हे सगळं तिथलंच आहे. लॅपटॉपवर तेच वातावरण असेल तर पहिल्या सहा महिन्यांतली बरीच चाचपड वाचते.

दुसऱ्या बाजूला, लॅपटॉप एकच असतो. जेआरएफ आज महिना ३७,००० आहे आणि पहिला हप्ता खात्यात यायच्या आधीच लॅपटॉप घ्यावा लागतो, बहुधा घरच्यांच्या पैशांनी. तो पाच वर्षं टिकवायचा असतो आणि थिसीस त्यावरच लिहायचा असतो. त्यामुळे ‘टाकून तर बघू, नाही चाललं तर परत फॉरमॅट मारू’ हा हॉस्टेलमधला सल्ला मला फारसा पटत नाही.

ड्रायव्हर येतो कुठून?

इथे मूळ फरक समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुटेल. विंडोजमध्ये वाय-फाय, साउंड, टचपॅड या प्रत्येकाचा ड्रायव्हर त्या त्या कंपनीने लिहिलेला असतो आणि लॅपटॉप बनवणारा तो आधीच भरून देतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नल म्हणजे लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला तो गाभा, ज्याच्याभोवती उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही डिस्ट्रो बांधलेली आहेत. चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर काहीच टाकावं लागत नाही, मशीन चालू केलं की ती चिप चालू. नसेल तर कंपनीच्या साइटवर जाऊन डाउनलोड करावं असंही बहुतेक वेळा काही नसतं.

मशीन सुरू होताना नेमकं काय होतं? प्रत्येक चिप कर्नलला दोन आकडे सांगते: कंपनीचा आयडी आणि चिपचा आयडी. इंटेलचा कंपनी आयडी आहे ८०८६. (हो, प्रॅक्टिकलला ज्याची असेंब्ली लिहून बोटं दुखली तोच १९७८चा ८०८६.) रिअलटेकचा १०ईसी, मीडियाटेकचा १४सी३, एनव्हिडियाचा १०डीई. प्रत्येक ड्रायव्हरकडे तो कुठकुठले आयडी सांभाळतो याची यादी असते. जोडी जुळली की ड्रायव्हर लोड होतो. काही चिपना शिवाय फर्मवेअरची एक फाइल लागते, म्हणजे चिपच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा कोड. तो कंपनीच देते आणि तो बहुधा मुक्त नसतो. डेबियनमध्ये यावरून वर्षानुवर्षं तात्त्विक वाद होता. २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३च्या डेबियन १२ पासून ही फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागली. त्याआधी इन्स्टॉल करताना वाय-फाय लागायचं नाही आणि वाय-फायची फाइल इंटरनेटवरून आणा असं स्क्रीनवर यायचं. ज्यांनी हे भोगलंय ते अजूनही ‘डेबियन अवघड’ म्हणतात. आता तसं राहिलेलं नाही.

यातून एक गोष्ट सरळ निघते: चिप जितकी नवी, तितका कर्नल नवा लागतो. रिअलटेकच्या ८८५२ मालिकेतल्या पहिल्या वाय-फाय कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ५.१६ मध्ये, जानेवारी २०२२ ला. मीडियाटेक एमटी७९२१चा ५.१२ मध्ये, एप्रिल २०२१ ला. त्याच्या आधीचा कर्नल असलेली डिस्ट्रो टाकणाऱ्याला ‘लिनक्सवर वाय-फाय चालत नाही’ असंच वाटलं असणार, आणि त्याच्यापुरतं ते खरंही होतं. म्हणून लॅपटॉप नुकताच बाजारात आलेला असेल तर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढणारं फेडोरा किंवा उबुंटूची ताजी आवृत्ती घ्या. दोन-तीन वर्षं जुना असेल तर मिंट किंवा डेबियन निवांत चालतं. ‘सर्वांत चांगलं डिस्ट्रो कुठलं’ यावर कँटीनमध्ये जेवढा वेळ जातो त्याच्या दहाव्या हिश्शात कर्नलचा आकडा बघून होतो.

विंडोजमध्येच हे आयडी दिसतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वाय-फाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’पुढची चार अक्षरं कंपनीची, ‘डीईव्ही’पुढची चार चिपची. ही जोडी आणि शेजारी ‘लिनक्स’ असं शोधलं की मॉडेल नंबर टाकून येणाऱ्या गोंगाटापेक्षा कितीतरी नेमकं उत्तर मिळतं. दुकानात डेमो पीस असेल तर विकत घ्यायच्या आधीच हे बघता येतं. ऑनलाइन घेताना एक अडचण आहे: त्याच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळं वाय-फाय कार्ड निघू शकतं. मित्राचं चाललं म्हणून तुमचं चालेलच असं नाही.

कुठे काय परिस्थिती आहे

वाय-फायबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पर्याय असेल तर इंटेलचं कार्ड घ्या. इंटेल स्वतःच कर्नलमध्ये ड्रायव्हर देते आणि तो बहुधा वेळेवर येतो. मीडियाटेक-रिअलटेक आता बरेच सुधारलेत, पण अपवाद आहेत. मीडियाटेक एमटी७९०२ हे स्वस्त लॅपटॉपमध्ये भरपूर दिसणारं कार्ड, आणि बाजारात येऊन काही वर्षं झाली तरी मुख्य कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. असं कार्ड निघालं तर घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते छोट्या स्लॉटमध्ये बसवलेलं असतं, दोन वायरी काढून दुसरं बसवता येतं. बदलताना इंटेल एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका, कारण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं आणि एएमडीच्या मशीनवर ती चालतच नाहीत. कार्ड बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असेल तर मात्र यूएसबी डोंगलवर भागवावं लागतं.

टचपॅड, कीबोर्ड, ब्राइटनेस, ब्लूटूथ हे सगळं आता चालतंच. यावर अजून लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हीच किती मोठी प्रगती आहे.

आवाजाचं प्रकरण जरा मजेशीर आहे. २०१९-२० च्या सुमारास अनेक लॅपटॉपमध्ये माइक साध्या साउंड चिपऐवजी इंटेलच्या डीएसपीला जोडला जाऊ लागला, आणि लिनक्सवर स्पीकर वाजतो पण माइक बंद अशी तऱ्हा झाली. ऐन ऑनलाइन व्हायव्हांच्या काळात! ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या प्रकल्पाने तो प्रश्न बऱ्यापैकी सोडवला. त्यानंतर काही मॉडेलमध्ये स्पीकरला वेगळे ‘स्मार्ट ॲम्प्लिफायर’ आले आणि प्रत्येक मॉडेलसाठी कर्नलमध्ये वेगळी नोंद करावी लागली. म्हणून तपासताना स्पीकर, हेडफोन आणि माइक तिन्ही वेगवेगळे तपासा.

कॅमेऱ्याचंही तसंच. साधा यूएसबीवर बसलेला वेबकॅम हमखास चालतो. पण काही महागड्या, पातळ इंटेल लॅपटॉपमध्ये मोबाइलसारखा कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र प्रोसेसरमधल्या ‘आयपीयू६’ या भागातून जातं. त्याच्या ड्रायव्हरचा एक हिस्सा कर्नलमध्ये आला तोच २०२४ मध्ये, ६.१० आवृत्तीत. म्हणजे स्वस्त लॅपटॉपचा कॅमेरा चालतो आणि महागाचा अडतो, असं उलटं गणित इथे दिसू शकतं. फिंगरप्रिंट चाललं तर बोनस समजा. ते नाही म्हणून कुणाचा थिसीस अडलेला नाही.

एनव्हिडियाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्तो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं, ती क्लिप अजून फिरते. पण मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, आणि कुडा वापरून गणनं करायची असतील तर लिनक्सवर काहीच अडत नाही. क्लस्टरवर तेच तर चालतं. अडचण लॅपटॉपपुरती आहे, आणि ती दोन ठिकाणी येते.

एक, सिक्युअर बूट. ते चालू असताना कर्नल फक्त सही केलेली मॉड्यूल घेतो. डिस्ट्रोनेच सही केलेला ड्रायव्हर दिला (उबुंटू देतं) तर प्रश्न नाही. पण मॉड्यूल तुमच्या मशीनवर बांधलं जाणार असेल तर आधी एक पासवर्ड ठरवावा लागतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. अनेकजण घाईघाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मग ड्रायव्हर लोड होत नाही आणि बोल लागतो लिनक्सला.

दोन, एचडीएमआय. ग्राफिक्स कार्ड असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. तुमची स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या अंगच्या ग्राफिक्सवर छान चालत असते, त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड झालेला नाही हे महिनोन्‌महिने कळतच नाही. ते कळतं आरएसीसमोर प्रोजेक्टरची वायर लावल्यावर. म्हणून प्रोग्रेस सेमिनारच्या आदल्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये जाऊन एकदा वायर लावून बघा.

झाकण मिटल्यावर

आज ‘लिनक्स चालतं पण…’ मधला ‘पण’ बहुतेक वेळा स्लीपचा असतो.

पूर्वीची पद्धत, जिला एस३ म्हणतात, ती सोपी होती. झाकण मिटलं की रॅम सोडून जवळपास सगळ्याचा वीजपुरवठा बंद, आणि ते काम मुख्यतः लॅपटॉपचं फर्मवेअरच करायचं. मग मोबाइलसारखा झोपलेल्या अवस्थेतही मेल घेणारा लॅपटॉप हवा, म्हणून विंडोज १० बरोबर ‘मॉडर्न स्टँडबाय’ आलं आणि पुढे अनेक उत्पादकांनी एस३ देणंच सोडलं. नव्या पद्धतीत मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं. ऑपरेटिंग सिस्टीमने एकेका चिपला सांगायचं, बाई गं, तू आता कमीत कमी विजेवर जा. सगळ्या गेल्या तरच प्रोसेसर सर्वांत खोल झोपेत जातो. एसएसडी, वाय-फाय किंवा कार्ड रीडर यांतला एकजण जरी जागा राहिला तरी सगळं घर जागं. लॅपटॉप बॅगेत गरम होतो आणि लॅबमध्ये पोहोचेपर्यंत बॅटरी रिकामी.

लिनक्सला हे जास्त जाचतं, कारण इथे प्रत्येक ड्रायव्हरने आपलं काम चोख करावं लागतं आणि उत्पादकाने ते बहुधा फक्त विंडोजवर तपासलेलं असतं. विंडोजवरही बॅग गरम होतेच म्हणा, फक्त तिथे कुणी ऑपरेटिंग सिस्टीम बदलायचा सल्ला देत नाही.

याची चाचणी साधी आहे. रात्री झोपताना बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, झाकण मिटा, चार्जर लावू नका. सकाळी परत बघा. पाच-दहा टक्के गेले तर ठीक, मी चालवून घेईन. तीस-चाळीस गेले तर कुणीतरी झोपलेलं नाही. आधी बायोस अपडेट करा. डेल, लेनोवो, एचपीच्या बऱ्याच मॉडेलना हे अपडेट आता लिनक्समधूनच, फर्मवेअर अपडेटच्या सोयीतून मिळतात. मग नवा कर्नल. तरीही नाही जमलं तर लॅपटॉप पूर्ण बंद करायची सवय लावा. हायबरनेट करा असं कुणी सुचवेल, पण सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू-फेडोरात ते सहसा बंद असतं.

चालू असतानाची बॅटरी मात्र आता बरी टिकते. पॉवर प्रोफाइलची सोय डेस्कटॉपमध्येच असते. कुणी सांगितलं म्हणून त्यावर टीएलपी चढवू नका. दोन्ही एकाच सेटिंगशी झगडतात.

तो अर्धा तास

पेनड्राइव्हवर डिस्ट्रोची आयएसओ फाइल लिहा (विंडोजवर रूफस किंवा व्हेंटॉय वापरून) आणि त्यावरून बूट करा. इन्स्टॉल नाही, ‘ट्राय’ निवडायचं. सगळी सिस्टीम रॅम आणि पेनड्राइव्हवर चालते, तुमच्या विंडोजला काही होत नाही.

पण त्याच्याही आधी एक काम. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बूटच्या सेटिंगमध्ये हात घातला की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते. आणि आपल्याकडे कित्येकदा दुकानदारानेच ‘सेटअप करून देतो’ म्हणत स्वतःचा किंवा भलताच मेल आयडी टाकलेला असतो! तेव्हा ही की आधी शोधा, वहीत लिहा, डेटाचा बॅकअप घ्या, मगच पुढे.

आता तपासणी. वाय-फाय मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि कॅम्पसच्या नेटवर्कवर. स्पीकर, हेडफोन, माइक. कॅमेरा. टीव्ही किंवा प्रोजेक्टरला एचडीएमआय. टाइप-सी वरून चार्जिंग. झाकण तीन वेळा मिटून उघडायचं, एकदाच नाही, कारण पहिल्यांदा उठणारं मशीन तिसऱ्यांदा न उठल्याचे किस्से आहेत. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर या चाचणीत सहसा नसतो, त्यामुळे त्याचा निकाल इथे लागत नाही.

इथे वाय-फाय आणि स्लीप पास झालं तर बिनधास्त टाका. फक्त फिंगरप्रिंट नापास असेल तरी टाका. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमधलं स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर आहे का ते बघा, पण विंडोज ठेवायचं असेल तर ते सेटिंग तसंच बदलू नका, विंडोज उठणार नाही. त्याची पद्धत वेगळी आहे.

काही लॅपटॉप मात्र आत्ता लिनक्ससाठी घेऊच नयेत असं माझं मत आहे. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतील, पण लिनक्सचं काम तिथे अर्धवट आहे. ॲपलच्या एम१-एम२ वर आसाही लिनक्स या प्रकल्पाने थक्क करणारं काम केलंय, पण तेवढ्यासाठी मॅक घेऊ नका. उलट घरात पडलेला जुना लॅपटॉप असेल, ज्याला विंडोज ११ नाकारतं आणि ज्याच्या विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर तो लिनक्ससाठी सर्वांत सोपा गडी. चिप जुन्या, ड्रायव्हर केव्हाचे मुरलेले. एसएसडी आणि थोडी रॅम टाकली की शिकण्यासाठी याहून चांगलं मशीन नाही, आणि थिसीसचा लॅपटॉपही सुरक्षित राहतो.

चाचणी नापास झाली, किंवा विभागातल्या उपकरणाचं सॉफ्टवेअर, ओरिजिन, केमड्रॉ आणि गाइडचे ट्रॅक चेंजेस यांमुळे विंडोज सोडताच येत नसेल, तर विंडोजमधलंच डब्ल्यूएसएल २ वापरा. उबुंटूचा टर्मिनल मिळतो, क्लस्टरवर लॉग-इन होतं, कुडासुद्धा चालतं, आणि हार्डवेअरची सगळी डोकेदुखी विंडोजकडे राहते. लिनक्सचे कट्टर भक्त याला नाक मुरडतात. मुरडू द्या. सिनॉप्सिसला तीन महिने उरले असतील तर मी स्वतः हाच सल्ला देते, आणि पेनड्राइव्ह सबमिशननंतर काढायला सांगते.